ओल्या पुस्तकांची देवघेव

आमच्या सीमाभागातल्या ग्रंथपालांची महिन्यातून एकदा बैठक भरते. बैठक हा शब्द जरा मोठाच झाला. दर खेपेला एकेकाच्या वाचनालयात आम्ही काही जण जमतो, ज्याचं वाचनालय त्याने चहा आणि भडंग द्यायचं, आधी बातम्या सांगायच्या आणि मग तक्रारी. बातम्या म्हणजे कुणाला नवं कपाट मिळालं, कुणाचं छत गळायला लागलं, कोण निवृत्त झालं आणि त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही. तक्रारी त्याच त्या. वाचक येत नाहीत. येतात ती स्पर्धा परीक्षेची पोरं, स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि आमच्या पंख्याखाली बसतात. मराठी पुस्तकं कोल्हापूरकडून कोगनोळीचा नाका ओलांडून येतात, परिपत्रकं बेंगळुरूहून कन्नडमधून येतात, आणि वेळेवर काहीच येत नाही. मी बरीच वर्षं या बैठकांना नाक मुरडतच जात होते. रविवार मोडून रडगाणं ऐकायला कशाला जायचं, असं घरी म्हणायचे आणि साडी नेसून निघायचे.

त्या मंडळींतले तिघे इथं सांगायला हवेत. एक बेळगावचे अण्णा. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं वाचनालय आहे. वयाने सगळ्यांत मोठे आणि हट्टाने त्याहून मोठे. कुठलं पुस्तक कुठल्या विषयात लावायचं यावरून त्यांचं नि माझं दर बैठकीत वाजायचं. दुसऱ्या निपाणीच्या कॉलेजातल्या म्याडम. ग्रंथालयशास्त्राच्या मोठ्या पदव्या, बोलणं मऊ आणि काम कडक. तिसरे चिकोडीकडच्या सरकारी वाचनालयातले सर. ते कन्नड. मराठी बोलतात आपल्यासारखं, मधे कन्नडमधलं आदराचं 'री' लावून, पण वाचायला घेतलं की सावकाश, ओठ हलवत वाचतात. आपण मराठी वाचनालयवाले त्यांच्या खात्यातही येत नाही, तरी ते एकही बैठक चुकवत नाहीत. का येता, असं मी एकदा तोंडावर विचारलं होतं. म्हणाले, "एकटं बसून कंटाळा येतो री म्याडम. तुम्ही भांडता ते बघायला येतो."

मी राहते निपाणीत. वाचनालय मात्र सदलग्याच्या अलीकडच्या आमच्या गावात, दूधगंगेच्या काठावर. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि सुट्टीत गावी आले की आमच्या गल्लीतल्या विहाराच्या कट्ट्यावर बसून लोकांना पेपर वाचून दाखवायचे. गावचं वाचनालय तेव्हा वरच्या लोकांचं. माझ्या आज्ज्याला त्याच्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं. आज त्याच दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि ती पर्स मी बसमध्येसुद्धा मांडीवरून खाली ठेवत नाही. लोक म्हणतात, बाई लई तापट. असेन. किल्ली हातात आली ती काही गोड बोलून आलेली नाही.

तर त्या वर्षी नदी आली. आमच्याकडे पूर आला असं कोणी म्हणत नाही, नदी आली म्हणतात, घरची कुणी म्हातारी आल्यासारखं. खालच्या गल्लीत माणसाच्या छातीएवढं पाणी. वाचनालय खालच्याच गल्लीच्या तोंडाशी. मी निपाणीत अडकले होते, रस्ता बंद. गावातल्या तरुण पोरांनी आधी माणसं हलवली, मग जनावरं, आणि मग कुणाला तरी आठवलं म्हणून पुस्तकं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली आणि वरच्या अंगाला शाळा आहे, तिच्या माडीवरच्या हॉलमध्ये नेऊन ओतली. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं पाण्यातून काढलेली, वरच्या फळ्यांवरची ट्रॉलीत पावसाने भिजलेली. म्हणजे कोरडं काहीच नव्हतं. पण ती पोरं नसती तर ओलंही काही राहिलं नसतं, हे मी कधी विसरणार नाही.

रस्ता खुला झाल्यावर पहिल्या बसने मी गेले. हॉलच्या दारातून तो ढीग बघितला. मी खाली बसले. तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. भला माणूस. स्वतःचा सगळा ऊस पाण्याखाली, तरी सकाळपासून शाळेत उतरलेल्या लोकांच्या जेवणाखाण्याकडे बघत होते.

"बाई, आता स्पष्टच बोलतो," आप्पा म्हणाले. "दूध संस्थेची इमारत बसली. गावाचं दूध कुठं घालायचं? तुमची खोली धुतली की हुती तशी हुईल. येत्या रविवारी वाचनालयाच्या मंडळाची बैठक हाय. वाचनालय बंद करायचा ठराव येणार."

"आणि ही पुस्तकं?"

"दूध नासतंय बाई, ते थांबत न्हाय. ही तर नासलीच की. आता ह्यास्नी कोण वाचतंय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे दुपारी मी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच जागे असायचो. दूध संस्थेवर मात्र अख्खं गाव जगतं. मी एवढंच म्हणाले, "रविवारपर्यंत तरी हात लावू नका." आप्पांनी मान हलवली आणि गेले. मग मी ढिगाचा एक फोटो काढला आणि आमच्या ग्रंथपालांच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलचं दार उघडते तर मागून जिन्यावर पावलं वाजली. अण्णा, म्याडम, चिकोडीचे सर, आणि बैठकीतली आणखी दोघं-तिघं. बेळगावहून पहाटेची बस धरून अण्णा आलेले, गुडघे दुखत असताना. सरांनी रजा टाकलेली. कुणी बोलावलं नव्हतं. अण्णा दारातच थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला." बास. अशा वेळी माझ्या तोंडून काहीतरी तिरकंच निघतं. मी म्हणाले, "चहा मिळणार नाही, आधीच सांगते."

आणि मग आम्ही जे केलं ते जगात फक्त ग्रंथपालच करतील. समोर ओल्या पुस्तकांचा ढीग, कुबट वास यायला सुरुवात झालेली, आणि आम्ही सगळ्यांनी पदर खोचून, बाह्या सरसावून पुस्तकं क्रमाने लावायला घेतली! कुणी कुणाला सांगितलं नाही. हात आपोआप तिकडेच गेले. कादंबऱ्या खिडकीच्या कडेला, चरित्रं फळ्यापाशी, शेती दारात, बालवाङ्मय शिक्षकांच्या खुर्चीखाली. मग प्रत्येक विषयात नंबराप्रमाणे. मधेच एक साखर कारखानदारीवरचं पुस्तक आलं. अण्णा म्हणाले उद्योगात, मी म्हणाले शेतीत. पुस्तकातून पाणी गळतंय, अण्णांचं धोतर भिजतंय आणि आमचा वाद रंगलाय. म्याडमनी ते पुस्तक हळूच घेतलं आणि सहकारात ठेवलं. सर सगळ्यांत भराभर लावत होते. आम्ही मेले पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्याशिवाय खाली ठेवत नव्हतो. ते म्हणाले, "नंबर बघा री, नंबर. गोष्ट नंतर वाचा."

दुपारी माझे यजमान डबे घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, हातात पासबुकाशिवाय दुसरं पुस्तक धरलेलं मी बघितलेलं नाही. दारात उभे राहून त्यांनी हॉलभर नजर फिरवली. ओळी कशा सुतात! आम्ही घामाघूम, पण चेहरे फुललेले.

"छान लावलंय," ते म्हणाले. "आणि वाळवायचं कवा?"

म्याडमनी कपाळाला हात लावला. त्यांनी तर म्हणे हा विषय वर्गात शिकवलाय. भिजलेलं पुस्तक आधी उभं करायचं, पानं पंख्यासारखी मोकळी करायची, मधे कोरा कागद नाहीतर वर्तमानपत्र, सावलीत वारा, ऊन नको. सगळं तोंडपाठ. आणि सकाळपासून त्याच आमच्याबरोबर कवितासंग्रह क्रमाने लावत बसलेल्या. मी धावत दिवाळी अंकांकडे गेले. गुळगुळीत कागदाचे ते सगळे अंक तेवढ्या वेळात एकमेकांना असे चिकटले होते की वीट हातात घेतल्यासारखं वाटलं. कित्येक वर्षांचे अंक. सकाळी पानं सोडवली असती तर वाचले असते. त्यातला एकही पुढे उघडला नाही. मी तिथंच रडले. अण्णा शेजारी येऊन बसले आणि माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला, हे त्यांच्याकडून फार झालं.

यजमान तसेच उलट्या पावली निपाणीला गेले आणि रद्दीवाल्याकडून वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन आले. जन्मभर रद्दी विकली, त्या दिवशी विकत आणली. पण खरी अडचण वेगळीच होती. शाळेला वीज नव्हती. तिची लाईन खालच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरची, आणि तो पाण्यात गेलेला. हवा कोंदट, बाहेर भुरभुर चालूच. पंखा नाही, वारा नाही, नुसत्या कागदाने एवढी पुस्तकं वाळायची नाहीत. म्याडमनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत बुरशी धरेल. मग नाही वाचवता येणार." रविवारचं काय ते आता रविवारच्या आधीच ठरणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

त्याच वेळी जिन्यातून एक तरुण बाई वर आली. खालच्या गल्लीतली सून, वर्षाभरापूर्वी लग्न होऊन आलेली. घरात पाणी शिरल्यावर ती मंडळी वरच्या गल्लीत चुलत सासऱ्यांकडे राहायला गेली होती. तिच्या मागोमाग आप्पाही आले, पुस्तकांचं काय करायचं ठरलं ते विचारायला. तिने पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत रेशन कार्ड, आधार कार्डं, जमिनीचे उतारे, आणि त्यांच्यात आमच्या वाचनालयाची एक कादंबरी. कोरडी ठाक.

"ह्यो पहिला भाग," ती मला म्हणाली. "वाचून झालाय. दुसरा गावंल काय?"

आप्पांनी विचारलं, "पोरी, घर सोडताना ह्ये घेतलंस?"

"मग वं? वाचनालयाचं हाय ते. हरवलं तर बाई बोलत्यात."

सगळे हसले, मी सोडून. मला तोंडावर पदर घ्यावा लागला. तेवढ्यात सर उठले, खिडकीकडच्या ओळीने ओठ हलवत गेले, वाकले आणि दुसरा भाग उचलून आणला. एवढ्या ढिगातून, विचारल्याबरोबर. आप्पा ते बघत होते. काल त्यांनी इथं कचरा बघितला होता. आज त्यांच्यासमोर मागितलेलं पुस्तक जाग्यावरून निघालं.

पण पुस्तक चिंब. सर तिला म्हणाले, "आक्का, ओलं आहे. वाळलं की देतो."

"द्या की तसंच. वरच्या गल्लीत लाईट हाय. पंख्याफुडं धरून वाळवते. वाळंल तसं वाचते."

ओलं पुस्तक वाचकाला द्यायचं? अण्णांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी देवळात चप्पल घालून शिरलंय. आमच्या कामात याहून मोठं पाप नाही. वाचकाने भिजवलं तर आम्ही दंड घेतो, आणि इथं आपणच भिजलेलं हातात द्यायचं! मी म्याडमकडे बघितलं. म्याडमनी त्या पोरीच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि पानांच्या मधे ते कसं घालायचं, इस्त्री कुठवर चालेल, ऊन का नको, सगळं दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. मग अण्णांनीच मान खाली घालून पुस्तक तिच्या पुढे केलं.

आप्पा जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली शाळेच्या आवारात बघून मोठ्यानं ओरडले, "वरच्या गल्लीतलं कोण कोण हाय रं? वर या. एकेक पुस्तक वाळवाय न्यायचंय."

माणसं आली. आधी पाच-सहा, मग जिना भरला. कुणी वाचायला मागितलं, कुणी नुसतं वाळवायला. एका म्हातारीने लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक मागितलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं. एकाने शेळीपालनाचं मागितलं. आणि जे मागितलं ते मिळत होतं. सर नंबराने शोधून आणत होते, अण्णा हातात देत होते आणि दर वेळी, "जपून हं, पाठीला धरू नका, पोटाला आधार द्या," असं लेकरू दिल्यासारखं बजावत होते. सकाळच्या आमच्या वेडेपणावर मी दुपारी रडले होते. तो वेडेपणा केला नसता तर या गर्दीला आम्ही ढिगातून काय उपसून दिलं असतं?

नोंद कुठे करायची हाही प्रश्नच होता, कार्डं सगळी भिजलेली. म्याडमनी मोबाईल काढला. ज्याने पुस्तक घेतलं त्याचा पुस्तकासकट फोटो. ते फोटो माझ्याकडे आहेत. डोक्यावर पोतं पांघरलेले, चिखलाचे पाय, आणि हातात मुखपृष्ठ पुढे करून धरलेलं ओलं पुस्तक. काही जण हसतायत. ती म्हातारी मात्र लग्नातल्या फोटोसारखी गंभीर उभी आहे.

अंधार पडायच्या आत हॉल जवळजवळ रिकामा झाला. बसच्या थांब्यावर मी सगळ्यांना सोडायला गेले. मला पुष्कळ बोलायचं होतं. या माणसांना मी रडगाणं गाणारी म्हणत होते, आणि माझं वाचनालय बुडताना न बोलावता आली ती हीच. मी सरांना म्हणाले, "सर, तुमची तर ही भाषाही नाही, आणि दिवसभर..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "इरली बिडरी," म्हणाले. असू दे, सोडा. बस आली आणि मी तिथंच रस्त्यावर हात जोडले. मी सहसा कुणाला हात जोडत नाही.

मग रविवार आला. मंडळाची बैठक शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर. गुडघे मुडपून बसलेले सगळे मोठे लोक. मी कोपऱ्यात. मंडळावरच असलेल्या दूध संस्थेच्या चेअरमननी ठराव वाचला, वाचनालय बंद करून खोली संस्थेला द्यावी. आप्पा उठले.

"माझी ना न्हाय," ते म्हणाले. "फक्त रीतीनं करूया. वाचनालय बंद करायचं म्हटलं तर आधी पुस्तकं ताब्यात घ्याय पायजेत. पुस्तकं हायत लोकांच्या घरात. ती सगळी गोळा झाली की बंद करू. तवर संस्थेला पंचायतीची मागची खोली घ्या."

चेअरमननी ठरावाच्या कागदाची घडी घातली. त्यांच्या घरातही तीन पुस्तकं वाळत होती, मी फोटोत बघितलं होतं. मग कुणीतरी विचारलं, "पर गोळा कवा व्हायची?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बाईंनी मागितली की."

वाचनालय आज त्याच खोलीत आहे, रंग दिलाय, खालची फळी रिकामी ठेवतो. पुस्तकं बरीचशी आपल्या पायाने परत आली, काहींना चुलीचा वास, काहींना उदबत्तीचा, फुगलेली, इस्त्री केलेली, आणि आणणारे जाताना दुसरं घेऊन गेले. काही मात्र अजून गावात कुणाकुणाच्या घरी आहेत, कुणाकडे ते मला पक्कं ठाऊक आहे. मुदत उलटलेलं पुस्तक मी सदलग्याच्या भर बाजारात माणूस गाठून मागितलेलं आहे, लोक मला बघून गल्ली बदलतात. पण ती पुस्तकं मी अजून मागितलेली नाहीत.